पाणी आपल्या खाडीत, वीज मुंबईत



अलिबागच्या किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेच्या सहलीत ती निदान बाहेरून पाहिली असेल. पृथ्वीचं चुंबकत्व तासातासाला किती बदलतं, याची नोंद तिथे ठेवतात. ही वेधशाळा आधी मुंबईत होती, कुलाब्याला. (त्या काळी आपल्या जिल्ह्याचं नावही कुलाबाच. त्यामुळे कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच आली, असा घोळ जुने कागद वाचताना होतो.) मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम यायचं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्यापुढे पेच पडला. ट्रामचा विजेचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून फिरणार आणि त्याने वेधशाळेतल्या नाजूक चुंबकसुया हलणार. मग त्यांनी मुंबईपासून फार लांब नाही, पण विजेच्या ट्रामपासून सुरक्षित अशी जागा शोधली. ती अलिबाग. १९०४ साली इथे नोंदी सुरू झाल्या, दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजमाप चाललं, मग १९०६ मध्ये मुंबईचं काम थांबलं आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. वेधशाळेच्या इमारतीत लोखंड वापरू नये, याचीसुद्धा काळजी घेतली होती.

म्हणजे विजेच्या इतिहासात आपल्या तालुक्याचं नाव लागलं ते इथे वीज नव्हती म्हणून. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा हसू आलं होतं. पुढचा इतिहास वाचल्यावर हसू जरा कमी झालं.

तेव्हाचं चौल कसं होतं, ते आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेलं आहेच. घरात रॉकेलची चिमणी, ओटीवर कंदील, देवापाशी खोबरेल तेलाची नाहीतर उंडीच्या तेलाची समई. दत्ताच्या जत्रेत दुकानांवर गॅसबत्त्या. कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायची, वात कातरायची, रॉकेल जपून ओतायचं, ही सगळी कामं बायकांची आणि मुलींची. काच फुटली की बोलणीही त्यांनीच खायची. वाडीत रहाट चालायचा. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, गाडग्यांची माळ वर यायची, पन्हळीतून पाटाला पाणी जायचं आणि नारळी-पोफळी शिंपून व्हायच्या.

आणि याच काळात, याच जिल्ह्यात, देशातल्या सगळ्यात मोठ्या वीजघरांपैकी तीन उभी राहत होती.

पहिलं खोपोलीचं, १९१५ सालचं. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून टाटांनी ते पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली सोडलं. पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पडणाऱ्या पाण्याने खोपोलीला चक्रं फिरू लागली. दुसरं कर्जतजवळ भिवपुरीचं, १९२२ सालचं. तिसरं भिऱ्याचं, १९२७ सालचं. खोपोली, भिवपुरी, भिरा ही तिन्ही गावं आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. आणि तिन्ही ठिकाणची वीज गेली मुंबईला, गिरण्यांसाठी, गाड्यांसाठी, शहरासाठी.

भिऱ्याबद्दल जरा थांबून बोलते, कारण त्याचा आपल्याशी सरळ संबंध आहे. भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणातलं. मुळशीची मुळा नदी पूर्वेला वाहते. तिचं पाणी मुठेला, भीमेला, कृष्णेला मिळत पार बंगालच्या उपसागरात जायचं. धरण झाल्यावर ते पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला वळवलं, भिऱ्याला खाली पाडलं आणि वीज काढून झाल्यावर कुंडलिका नदीत सोडून दिलं. कुंडलिका कोलाडवरून, रोह्यावरून येते आणि समुद्राला कुठे मिळते? आपल्या रेवदंड्याला. अलीकडे चौल-रेवदंडा, पलीकडे कोर्लईचा किल्ला, मधून ही खाडी. मुळशीचा जो पाऊस आधी पूर्वेच्या समुद्राला मिळायचा, तो १९२७ पासून आपल्या दारावरून जातो आहे.

त्या पाण्यासाठी मावळातल्या लोकांनी काय सोसलं, हा स्वतंत्र विषय आहे. सेनापती बापट यांच्या नावाने आपण तो ओळखतो. १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला, त्यात मावळातल्या बायकाही पुढे होत्या, आणि शेवटी गावं बुडाली ती बुडालीच. मी आज एवढंच म्हणते की त्यांची शेतं बुडवून जी वीज निघाली तिच्यातला एक दिवाही, ज्या नदीत ते पाणी सोडलं तिच्या मुखाशी, चौलला लागला नाही. पाणी आपल्या खाडीत आलं आणि वीज डोंगरावरून मुंबईला गेली.

असं का झालं? नुसतं ‘श्रीमंतांनी पळवली’ म्हणून मोकळं होता येतं, पण मग पुढचं काही कळत नाही. यात थोडं गणित आहे आणि ते स्वयंपाकघरातल्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते आणि तेवढी वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट केला तर नुकसान दुप्पट होत नाही, चौपट होतं. म्हणून लांब न्यायची वीज प्रचंड दाबाने, म्हणजे प्रचंड व्होल्टेजने पाठवतात. दाब जास्त असला की तेवढीच वीज कमी प्रवाहात जाते आणि कमी वाया जाते. पण या मोठ्या तारेला वाटेतल्या गावाने हात लावायची सोय नसते. घरात लागतात २३० व्होल्ट. मोठ्या तारेतून ते उतरवायचे तर आधी उपकेंद्र लागतं, मग तिथून ११ हजार किंवा २२ हजार व्होल्टची मधली तार, मग गावातला ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपण सगळ्या डीपी म्हणतो, आणि तिथून घरोघर जाणारी बारीक तार. एक्स्प्रेस गाडीसारखं आहे. ती गावावरून जाते, पण थांबायला स्टेशन लागतं.

हे स्टेशन बांधायचं की नाही, हे कसं ठरत असे? नकाशावर तार ओढणारा माणूस विचारायचा: तिथे वीज किती लागेल, किती लांब न्यावी लागेल, पैसे किती वर्षांत वसूल होतील? वीज किती लागेल याला ते लोक ‘लोड’ म्हणतात, सरकारी मराठीत भार. मुंबईची एक कापडगिरणी म्हणजे केवढा तरी लोड, तोही दिवसरात्र. चौलची हजार घरं धरली तरी संध्याकाळी चार तास लागणारे मिणमिणते दिवे. १९१० च्या वीज कायद्याप्रमाणे कंपनीला एखाद्या भागाचा परवाना मिळे. परवाना घेणारी कंपनी शहर घेणार, वाडी कशाला घेईल? तिच्या हिशेबात चूक काहीच नव्हती. पण त्या हिशेबाने वाडीला वीज कधीच आली नसती.

हा हिशेब मोडायला कायदा लागला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतं आणि विजेचं धोरणही त्याच खात्याच्या कक्षेत येत होतं. महाडचे आंबेडकर आपल्याला ठाऊक आहेत, संविधानाचे ठाऊक आहेत. विजेचे आंबेडकर फारसे कुणी सांगत नाही. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय देशातला गरीब गरिबीतून वर येणार नाही आणि ती नुसत्या नफ्याच्या हिशेबावर सोडून चालणार नाही, ही मांडणी त्यांनी १९४३ पासून सरकारात लावून धरली. पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला. त्यात राज्यांनी वीज मंडळं स्थापन करायची होती, आणि ज्या भागात कुठल्याच परवानाधारकाची वीज पोचलेली नाही किंवा पुरेशी पोचलेली नाही, तिकडे खास लक्ष द्यायचं हे मंडळाचं कर्तव्य म्हणून लिहिलं होतं. ‘जिथे नाही तिथे आधी बघा’ असं कायद्याने म्हणणं ही मोठी उडी होती. आपल्याकडे १९५४ मध्ये मुंबई राज्याचं वीज मंडळ झालं आणि महाराष्ट्र झाल्यावर २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. वाड्यांमधून तारा फिरल्या त्या मंडळाच्या काळात.

पण इथेही एक मेख होती.

१९६५ ते ६७ या वर्षांत देशात मोठा दुष्काळ पडला. धान्य परदेशातून आणावं लागलं. तेव्हा सरकारने ठरवलं की विहिरींवर विजेचे पंप बसले पाहिजेत. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम निघालं, त्याने मंडळांना कर्ज द्यायचं आणि मंडळांनी गावात तारा न्यायच्या. म्हणजे गावात वीज आली ती मुख्यतः विहिरीसाठी. आपल्याकडे त्याचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. चौलला पाणी वर, विहीर उथळ. मोटर बसवली आणि रहाट थांबला. बैल पोसायचा खर्च गेला. तीन हॉर्सपॉवरची एक मोटर म्हणजे साठ वॉटचे सदतीस बल्ब. आता सांगा, नकाशा काढणाऱ्याला कोणता लोड दिसणार? ज्याची वाडी, त्याची विहीर, त्याची मोटर, त्याच्या बांधावर खांब. वाडीत राबायला येणाऱ्या बाईच्या खोपटाकडे खांब वळवायला कागदावर कारणच नव्हतं.

आणि कागद कसा होता पाहा. ऑक्टोबर १९९७ पर्यंत ‘वीज पोचलेलं गाव’ याची सरकारी व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असली की झालं. एका विहिरीवर एक मोटर चालू, की अख्खं गाव उजळलेलं! घरं सगळी अंधारात असली तरी. १९९७ नंतर वस्तीत वीज पाहिजे असं म्हटलं. २००४ मध्ये आणखी सुधारणा झाली. दलित वस्ती असेल तर तिथेही वीज पोचली पाहिजे, शाळा, पंचायत, दवाखाना इथे वीज पाहिजे आणि किमान दहा टक्के घरांत वीज पाहिजे. दोनशे घरांचं गाव असेल तर वीस घरांत दिवा, बाकी एकशे ऐंशी घरांत कंदील, तरी गावाच्या नावापुढे बरोबरची खूण.

मधे १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना आली होती, गरिबाच्या घरी एक दिवा. २००५ च्या राजीव गांधी योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरांना फुकट जोडणी मिळू लागली. आणि २०१७ च्या सौभाग्य योजनेत मोजणी सरळ घराची सुरू झाली. गाव मोजण्यापासून घर मोजण्यापर्यंत यायला एवढी वर्षं गेली. आपल्या जिल्ह्यात तर घारापुरीचं उदाहरण समोर आहे. उरण तालुक्यातलं ते बेट, लेण्यांमुळे जगभर नाव, समोर रात्रभर मुंबईचे दिवे दिसतात. तिथल्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांना संध्याकाळचे थोडे तास डिझेलच्या जनरेटरची वीज मिळायची. समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

आता दारात खांब आला म्हणजे गोष्ट संपली का? शेवटच्या खांबाजवळ राहणाऱ्या बाईला विचारा. मी विचारून आलेली नाही, मी तिथेच राहिलेली आहे. डीपीपासून बारीक तार निघते ती घराघराला वाटत वाटत जाते. लांबी वाढेल तसा दाब उतरतो. कायद्याने घरी २३० व्होल्टच्या सहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मिळायला हवेत. संध्याकाळी सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की शेवटच्या घरात बल्बची तार नुसती लाल दिसायची. व्होल्टेज तिसऱ्या हिश्शाने उतरलं की त्या जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड पाव हिश्शावर येतो. तेवढ्यात भाकऱ्या थापायच्या आणि तेवढ्यातच पोराने अभ्यास करायचा. डीपीजवळचं घर आणि शेवटचं घर दोन्ही सरकारी यादीत सारखीच. दराचा तक्ताही सारखाच.

यावर उपाय नाही असं नाही. मोठा एक डीपी एका टोकाला ठेवण्याऐवजी लहान लहान डीपी वस्तीच्या मधोमध ठेवायचे आणि मोठ्या दाबाची तार जवळपर्यंत आणायची. खर्च वाढतो, पण वाया जाणारी वीज कमी होते. शिवाय आपल्याकडे किनाऱ्याची वेगळी दुखणी. खारा वारा तारेला आणि लोखंडी खांबाला खातो. चिनीमातीच्या चिमण्यांवर मिठाचा थर बसतो, पहाटे दव पडलं की त्यावरून ठिणग्या उडतात. आणि झावळ्या. वाडीतून तार नेली की झावळी पडणारच. बोडक्या तारांऐवजी आवरण घातलेली, पीळ दिलेली केबल खांबांवरून नेली तर झावळी पडली तरी लाईट जात नाही. घाटावर आखलेला नकाशा जसाच्या तसा वाडीत उतरवला की हे सगळं राहून जातं. (इथे एक सांगून ठेवते. खांबाला ताण म्हणून जी तिरपी तार असते, तिला कपड्याची दोरी बांधू नका. पावसाळ्यात तर मुळीच नको.)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा हा सगळा नकाशा एका दुपारी उलगडून समोर पडला. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. नारळ वाकले, पोफळी मोडल्या, आंबे मुळासकट आले, आणि पडले ते तारांवर. आधीच टाळेबंदी, त्यात लाईट नाही. लाईट नाही म्हणजे नळाला पाणी नाही, गिरणी बंद, मोबाईल मेलेला, मुंबईतल्या माणसांना खुशाली कळवायची सोय नाही. विहिरीवर मोटर होती, पण रहाट तर केव्हाच मोडीत काढलेला, म्हणून पुन्हा दोरी आणि कळशी. ती कुणी ओढली ते सांगायला नको.

दुरुस्तीला बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले. पावसात, चिखलात खांब उभे करत होते, त्यांचे उपकार आहेतच. पण वीज परत कशी येते ते तेव्हा नीट दिसलं. आधी उपकेंद्र, मग मोठी तार, मग दवाखाना आणि पाणीयोजना, मग मोठ्या वस्त्या, मग वाड्या, आणि सगळ्यात शेवटी टोकाची घरं, डोंगराकडच्या ठाकरवाड्या, कातकरवाड्या. तार जिथून निघते तिथूनच ती जोडत यावं लागतं, यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण म्हणून वीज ज्या क्रमाने पहिल्यांदा आली, त्याच क्रमाने ती प्रत्येक वादळानंतर परत येणार. एकदा शेवटचं ठेवलेलं घर पुन्हा पुन्हा शेवटचं राहतं. नकाशा काढण्याच्या वेळी जे ठरलं ते पन्नास वर्षं भोगावं लागतं.

आणि आता पुन्हा नकाशा काढायची वेळ आली आहे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून अलिबाग शहरात तारा जमिनीखाली घालायचं काम हाती घेतलं गेलं. जमिनीखालची तार वरच्या तारेपेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे ती सगळीकडे एकदम येणार नाही. कुठून सुरू करायची ते ठरवावं लागणार. दुसरीकडे मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, मुंबई जवळ आली, वाड्या विकून बंगले झाले. शनिवार-रविवारच्या एका बंगल्यात दीड टनाचे सहा एसी लागले की नऊ-दहा किलोवॉट झाले. ६३ केव्हीएच्या डीपीचा जवळजवळ सहावा हिस्सा एकट्या बंगल्याचा. सोमवार ते शुक्रवार तो बंद. लोड मोजणाऱ्याला आज हा बंगला दिसतो, जशी पूर्वी विहिरीवरची मोटर दिसत होती, त्याच्याही आधी गिरणी दिसत होती.

आपला लोड कुठे दिसतो? विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. घरी गेल्यावर बघा. वीसेक वर्षांपूर्वी जोडणी घेताना दोन बल्ब आणि एक पंखा लिहिलेला असेल, तर नकाशावर आपण अजून तेवढ्याच आहोत. त्यानंतर आलेला मिक्सर, फ्रीज, शिलाई मशीनची मोटर, पापड-मसाल्याची घरगुती चक्की, बचत गटाचा डीप फ्रीझर त्यात नसतो. भार वाढवून घेतला तर स्थिर आकारात फरक पडेल का, तेही विचारून घ्या, मग ठरवा. आणि आपल्या डीपीच्या अंगावर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर आकडा लिहिलेला असतो, ६३, १०० किंवा २००. तो दुरूनच वाचायचा, कुंपणाच्या आत जायचं नाही. त्या डीपीवर घरं किती, मोटरी किती, बंगले किती आणि शेवटचं घर किती खांब लांब, हे मोजायला चारपाच जणींना एक दुपार पुरते. हा कागद घेऊन ग्रामसभेला गेलं की बोलायला सुरुवात कुठून करायची ते शोधावं लागत नाही. सुरुवात शेवटच्या खांबापासून करा. तिथे संध्याकाळी सातला व्होल्टेज किती येतं, ते वायरमनला मीटर लावून मोजायला सांगा आणि आकडा तारखेसकट वहीत लिहून ठेवा.